कॉकपिटमधला टॅबलेट : दिवसाच्या दृश्य उड्डाणात तो कसा वापरावा

बारामतीला किंवा गोंदियाला उड्डाण शिकणारा, अथवा प्रशिक्षणासाठी अमेरिकेत गेलेला मराठी विद्यार्थी वैमानिक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. त्याचे विमान बहुधा सेसना 172 सारखे छोटे असते आणि सोबत टॅबलेट असतो. कधी त्याला जोडलेला काडेपेटीपेक्षा थोडा मोठा जीपीएस रिसीव्हरही असतो. नकाशावर सरकणारा ठिपका पाहून वैमानिक निर्धास्त होतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. कारण ठिपका चुकीच्या जागी असला, तरी तो तितक्याच ठामपणे दिसतो. त्यामुळे आपण या क्षणी कुठे असायला हवे, हे आधी घड्याळ, होकायंत्र आणि खिडकीबाहेरचा मुलूख यांवरून स्वतः ठरवावे आणि मगच टॅबलेटकडे पाहावे. पुढील सर्व सूचना दिवसाच्या, दृश्य नियमांखालील, म्हणजे खिडकीबाहेर पाहून केलेल्या उड्डाणासाठी आहेत. ढगांतून उपकरणांच्या आधारे उडताना विमानात कायम बसवलेली, प्रमाणित उपकरणेच वापरावी लागतात. कोणते उपकरण न्यावे आणि कागदी नकाशा सोबत हवा की नाही, याबाबत आपल्या प्रशिक्षण संस्थेचे व नियामकाचे नियम आधी वाचावेत.

टॅबलेट विकत घेताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. आयपॅडच्या केवळ वाय-फाय असलेल्या प्रकारात जीपीएसची चिप नसते. ती सेल्युलर प्रकारातच असते आणि तिला सिमकार्डाची गरज नसते. वाय-फायचा टॅबलेट आधीच घेतला असेल, तर ब्लूटूथने जोडला जाणारा स्वतंत्र रिसीव्हर घ्यावा लागतो. गार्मिन ग्लो 2 सारखा रिसीव्हर सेकंदाला दहा वेळा स्थान कळवतो, त्यामुळे वळणात ठिपका मागे रेंगाळत नाही. आकाराच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : छोट्या विमानात लहान टॅबलेटच घ्यावा आणि तो मांडीवर पट्ट्याने बांधावा. योकवर (विमान वळवण्याच्या सुकाणूवर) बसवायचाच असेल, तर इंजिन सुरू करण्यापूर्वी योक पूर्ण मागे ओढून डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवावे. टॅबलेटची कड गुडघ्याला किंवा पॅनेलला कुठेही अडता कामा नये.

बसवण्याच्या जागेचा होकायंत्राशीही संबंध येतो. अनेक टॅबलेटच्या कव्हरांत चुंबक असतात. टॅबलेट दूर असताना होकायंत्राचे वाचन पाहावे, तो जागेवर बसवून पुन्हा पाहावे, आणि वाचन बदलले तर कव्हर काढावे किंवा जागा बदलावी. धावपट्टीवर रांगेत उभे राहिल्यावर धावपट्टीची ज्ञात दिशा आणि होकायंत्र जुळते का, हे आणखी एकदा पडताळावे. रिसीव्हर काचेखाली, आकाश मोकळे दिसेल अशा ठिकाणी ठेवावा, पण तो उड्डाणात घसरणार नाही याची खात्री करावी. सैल वस्तू पेडलखाली गेली, तर ती जीवघेणी ठरू शकते.

उड्डाणाच्या आदल्या रात्री पूर्ण मार्गाचे नकाशे उतरवून घ्यावेत आणि त्यांची मुदत पाहावी. विमानवाहतुकीची अधिकृत माहिती 28 दिवसांच्या ठरावीक चक्राने बदलते. नकाशा खरोखर टॅबलेटमध्ये साठला आहे की इंटरनेटवरून तात्पुरता दिसतो आहे, हे समजण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करावा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे, आणि प्रस्थानापासून गंतव्यापर्यंत बोटाने सरकत, जवळून आणि दुरून, सगळा मार्ग पाहावा. कुठे रिकामा चौकोन दिसला, तर तो भाग साठलेला नाही. उड्डाणाच्या आदल्या दिवशी टॅबलेटचे सॉफ्टवेअर अद्ययावत करू नये.

अक्षांश-रेखांश हाताने भरायचे असतील, तर त्यांच्या मांडणीकडे लक्ष द्यावे. 18 अंश 30 मिनिटे 30 सेकंद हा आकडा चुकून 18 अंश 30.30 मिनिटे असा भरला, तर बिंदू सुमारे 370 मीटर सरकतो. दिशा चुंबकीय की भौगोलिक, ही निवडही तपासावी. महाराष्ट्रात चुंबकीय दिक्पात, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतला कोन, जवळजवळ शून्य असल्यामुळे ही चूक इथे लक्षातच येत नाही. मात्र अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, दिक्पात सुमारे 15 अंश पूर्व आहे. तिथे तीच चूक 60 सागरी मैलांच्या अंतरात विमानाला 15 मैल बाजूला नेते. इकडे शिकून तिकडे उडायला गेलेल्या विद्यार्थ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता एक प्रत्यक्ष टप्पा घेऊ. बारामती ते सोलापूर हे सरळ अंतर सुमारे 85 सागरी मैल आणि दिशा साधारण 115 अंश आहे. वारा नसेल, तर 105 नॉट (तासाला 105 सागरी मैल) वेगाने सुमारे 49 मिनिटे लागतात. निघताना कागदावर लिहून ठेवावे की एकोणिसाव्या मिनिटाच्या सुमारास उजनीची भिंत डाव्या हाताला, साधारण पाच मैलांवर दिसली पाहिजे. ती वेळ जवळ आली की प्रथम बाहेर पाहावे, भिंत शोधावी, घड्याळ पाहावे, मग टॅबलेटवर नजर टाकावी. तिन्ही जुळले, तर पुढच्या खुणेची वेळ दुरुस्त करून पुढे जावे. इथे एक बारकावा आहे : नकाशावर जलाशयाची किनाररेषा भरलेल्या धरणाची असते, आणि मे महिन्यात पाणी आटल्यावर भिगवणच्या बाजूचा फुगवटा कितीतरी मागे हटलेला असतो. म्हणून खूण म्हणून पाण्याची कड धरू नये. भिंत, पूल किंवा लोहमार्ग धरावा.

टॅबलेटवर दिसणारा वेग जमिनीच्या सापेक्ष असतो आणि दिशा विमानाच्या नाकाची नसून प्रत्यक्ष कापलेल्या वाटेची असते. मागून 20 नॉट वारा असेल, तर हवेतला वेग 65 नॉट असताना टॅबलेट 85 दाखवतो. तो आकडा पाहून वेग कमी करणारा वैमानिक विमान स्टॉल होण्याच्या, म्हणजे पंखांची उचल कोसळण्याच्या दिशेने ढकलतो. उंचीचेही तसेच आहे. उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो, तर जीपीएस भूमितीने उंची काढतो. उन्हाळ्यात हवा प्रमाणित तापमानापेक्षा तापलेली असताना विमान प्रत्यक्षात उंचीमापकावरील आकड्यापेक्षा वर असते. शिवाय जीपीएस पृथ्वीच्या ज्या आदर्श लंबगोल आकारावरून उंची मोजतो, त्याच्यापेक्षा महाराष्ट्रातील समुद्रसपाटी सुमारे 60 मीटर खाली आहे; ही दुरुस्ती न करणारे सॉफ्टवेअर उंची तेवढी कमी दाखवते. इतर सर्व विमाने उंचीमापकाप्रमाणेच उडत असल्यामुळे नियंत्रकाने दिलेली उंची उंचीमापकावरच राखावी.

नजर आत किती वेळ राहते, यावर स्वतः पहारा ठेवावा. दोन-तीन सेकंद पाहून मान वर करावी. उत्तर मिळाले नाही, तर बाहेर एक फेरी नजर फिरवून मग पुन्हा पाहावे. मार्ग बदलण्यासारखे लांबलचक काम सोबतच्या प्रशिक्षकाला सांगावे. विमानतळाच्या परिघात शिरल्यावर टॅबलेटला हात लावू नये.

अमेरिकेत उडताना एडीएस-बी रिसीव्हरमुळे (विमानांनी आणि जमिनीवरील केंद्रांनी रेडिओवरून पाठवलेली माहिती घेणाऱ्या उपकरणामुळे) पडद्यावर इतर विमाने आणि पावसाचे रडारचित्रही दिसते. भारतात जमिनीवरून हवामान पाठवणारी ही सोय नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी मोबाइलवर उतरवलेले चित्र तिथेच गोठलेले असते. अमेरिकेतील चित्रही ताजे समजू नये. तेथील अपघात तपास संस्था एनटीएसबीने 2012 साली इशारा दिला की पडद्यावर लिहिलेल्या वयापेक्षा चित्र प्रत्यक्षात 15 ते 20 मिनिटांनी जुने असू शकते, कारण ते वय चित्र जुळवल्यापासून मोजले जाते, रडारने पाऊस पाहिल्यापासून नव्हे. एवढ्या वेळात गडगडाटी ढग मैलोनमैल सरकतो. म्हणून या चित्राचा उपयोग वादळी प्रदेश दुरूनच टाळण्यासाठी करावा, दोन ढगांमधली फट शोधण्यासाठी कधीही करू नये. पडद्यावर विमान दिसत नाही म्हणजे आकाश मोकळे आहे, असेही धरू नये. प्रत्येक विमान संकेत पाठवत नाही. अमेरिकेतून परतताना उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण सामानात आणू नये, कारण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणे बेकायदेशीर आहे. केवळ स्थान दाखवणारा रिसीव्हर वेगळा.

दख्खनच्या उन्हात टॅबलेट बंद पडण्याचे सर्वांत साधे कारण उष्णता हे असते. आयपॅड 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरण्यासाठी बनवलेला आहे, आणि उभ्या विमानाचे कॉकपिट मे महिन्यात याच्या कितीतरी वर जाते. टॅबलेट उड्डाणाआधी विमानात ठेवू नये. उड्डाणात कव्हर काढावे, हवेचा झोत त्याच्याकडे वळवावा आणि चार्जिंग थांबवावे. विमानाच्या सॉकेटवर किती व्होल्ट येतात, ते हस्तपुस्तिकेत पाहावे, कारण जुन्या विमानांत 14 आणि नंतरच्यांत 28 व्होल्टची व्यवस्था असते. स्वस्त चार्जरमुळे रेडिओत खरखर येऊ शकते; ती आली, तर चार्जर काढून ऐकावे.

जीपीएसचे संकेत दडपले किंवा बनावट पाठवले जाऊ शकतात. भारताच्या विमानवाहतूक नियामकाने, डीजीसीएने, नोव्हेंबर 2023 मध्ये याविषयी परिपत्रक काढले. प्रमाणित रिसीव्हर किमान पाच उपग्रहांवरून स्वतःची चूक पकडून इशारा देतो, पण टॅबलेटकडून तशा इशाऱ्याची अपेक्षा ठेवू नये. ठिपका अचानक उडी मारतो, वेग अशक्य दिसतो किंवा बाहेरची खूण जुळत नाही, तेव्हा टॅबलेट बाजूला ठेवून दिशा कायम राखावी, वेळ लिहावी, शेवटच्या पक्क्या खुणेवरून स्थान काढावे, व्हीओआर (दिशा कळवणारे जमिनीवरील रेडिओ केंद्र) उपलब्ध असेल तर त्याच्याशी पडताळावे, आणि शंका उरल्यास नियंत्रकाला विनासंकोच विचारावे. याचा सराव प्रशिक्षकासोबत मुद्दाम करावा : टप्प्याच्या मध्यावर टॅबलेट उलटा करून पुढची खूण घड्याळावर शोधावी.

उतरल्यावर टॅबलेटने नोंदवलेली वाट आणि आपला कागदी तक्ता शेजारी ठेवून पाहावेत. वाट सतत एकाच बाजूला सरकलेली असेल, तर वाऱ्याचा अंदाज चुकला. एकाच ठिकाणी वळलेली असेल, तर तिथे लक्ष दुसरीकडे होते. ही टिपणे पुढच्या उड्डाणाच्या तक्त्यात उतरवावीत आणि रिसीव्हर चार्जिंगला लावावा.