कोंबडीचे मांस घरी मीठ लावून कोशेर कसे करावे

इस्रायलमध्ये दुकानातून आणलेली कोंबडी बहुधा आधीच मीठ लावून, धुऊन, म्हणजे कोशेर (यहुदी धर्मनियमांप्रमाणे खाण्यास योग्य) होऊन आलेली असते, त्यामुळे अश्दोद किंवा दिमोना येथे राहणाऱ्या आपल्या बेने इस्राएल (मराठी यहुदी) नातेवाइकांना हे काम क्वचितच करावे लागते. मुंबई, ठाणे, पुणे किंवा अलिबाग येथे मात्र शोहेतने (धर्मविधीप्रमाणे प्राणी कापणाऱ्याने) विधिपूर्वक कापलेली कोंबडी घरी आल्यावर पुढचे सगळे आपल्यालाच करायचे असते. रक्त खाण्यास तोराने (यहुदी धर्मशास्त्राने) ‘लेवीय’ आणि ‘अनुवाद’ या तिच्या दोन्ही ग्रंथांत स्पष्ट मनाई केली आहे, आणि मांसातले रक्त काढण्याची रीत म्हणजे भिजवणे, मीठ लावणे आणि धुणे.

दोन गोष्टी कोंबडी घेतानाच पाहून घ्याव्यात. पिसे सहज निघावीत म्हणून कोंबडी उकळत्या पाण्यात बुडवण्याची बाजारात पद्धत आहे. ती आपल्याला चालत नाही, कारण उष्णतेने रक्त आतल्या आत आळते आणि मग मीठ ते ओढू शकत नाही. पिसे कोरडी उपटून घ्यावीत किंवा सरळ कातडी सोलून घ्यावी. दुसरे म्हणजे, कापल्यापासून ७२ तासांच्या आत मांस भिजले पाहिजे. तो अवधी उलटला तर ते मिठाने कोशेर करून शिजवता येत नाही, फक्त विस्तवावर भाजता येते. गोठवलेले मांस पूर्ण सुटे होऊ द्यावे, पण त्यासाठी गरम पाणी वापरू नये.

डोके, नखे आणि मानेतल्या शिरा काढाव्यात, हृदय चिरून आतले रक्त काढावे, पेटा उघडून स्वच्छ करावा. काळीज (यकृत) बाजूला ठेवावे. त्यात रक्त इतके असते की त्याला मिठाची ही रीत पुरत नाही. ते चिरून, थोडे मीठ भुरभुरून थेट विस्तवावर भाजावे आणि मग धुवावे. त्यानंतर मांस साध्या पाण्यात अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवावे, दिसणारे रक्त चोळून धुवावे. भिजवण्याचे भांडे याच कामासाठी वेगळे ठेवावे.

आता मीठ. माझी सर्वांत जास्त दमछाक याच टप्प्याने केली आणि सर्वांत चुकीचे सल्लेही याच टप्प्याबद्दल ऐकू येतात. पिशवीतले बारीक मीठ वापरू नये: ते ओल्या मांसावर पडताच विरघळते आणि रक्त ओढण्याआधीच वाहून जाते. पेण-उरणकडचे मिठागराचे खडे मीठही जसेच्या तसे उपयोगाचे नाही, कारण मोठे खडे मांसावर ठरत नाहीत, घरंगळून पडतात. ते खलबत्त्यात कुटून जाड साखरेच्या दाण्याएवढे करावे. पावसाळ्यात आपल्याकडे मिठाला पाणी सुटते, म्हणून ते आधी तव्यावर कोरडे करून पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम मीठ मांसाला लावू नये.

मांसाचा ओलावा ओळखणे हे खरे कसब आहे. पाण्यातून काढल्याबरोबर मीठ लावले तर ते विरघळते, आणि मांस कपड्याने पुसून अगदी कोरडे केले तर मीठ चिकटतच नाही. काही मिनिटे निथळू द्यावे, मग एका तुकड्यावर चिमूटभर मीठ टाकून पाहावे: दाणे डोळ्यांना दिसत राहिले आणि तुकडा उलटा केल्यावर पडले नाहीत, तर वेळ योग्य आहे. मग प्रत्येक तुकड्याला सर्व बाजूंनी मीठ लावावे, पंखाखाली, मांडीच्या सांध्यात आणि अख्खी कोंबडी असेल तर पोटाच्या पोकळीतही. स्वयंपाकात चवीला मीठ घालतो तसा हात आखडता घेऊन येथे चालत नाही. कोठेही उघडे मांस दिसता कामा नये.

मीठ लावलेले तुकडे ताटात किंवा परातीत ठेवू नयेत. सुटलेले रक्त तळाशी साचते आणि मांस त्यातच पडून राहते, म्हणजे केलेले सगळे वाया. उतरता धरलेला पाट किंवा मोठ्या भोकांची रोवळी घ्यावी, तिच्या खाली वाट्या उपड्या घालून ती उंच करावी, आणि पोकळीची बाजू खाली येईल असे तुकडे मांडावेत. शेवटच्या तुकड्याला मीठ लावल्यापासून एक तास मोजावा. ‘रात्रभर मिठात ठेवले तर अधिक शुद्ध होते’ असे सांगणाऱ्यांचे मुळीच ऐकू नये. बारा तासांची मर्यादा उलटली तर मांसाबद्दल नवाच प्रश्न उभा राहतो आणि तो जाणकाराला विचारल्याशिवाय सुटत नाही. शाबाथसाठी (शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या पवित्र दिवसासाठी) मांस लागणार असेल तर हे सगळे शुक्रवारी दुपारीच उरकावे.

तास झाल्यावर मीठ झटकून प्रत्येक तुकडा वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावा. पुढच्या दोन धुण्यांना भांड्यात आधी ताजे पाणी घ्यावे आणि मग मांस सोडावे. तिसऱ्या पाण्याला किंचित गुलाबी झाक आली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रीतसर मीठ लावून धुतल्यावर मांसातून येणारे पाणी निषिद्ध रक्तात मोडत नाही.

हे मांस लगेच नारळाच्या दुधातल्या रश्श्यात घालता येते किंवा गोठवून ठेवता येते, आणि त्याला ७२ तासांची अट उरत नाही. रश्श्यात मीठ मात्र चाखूनच घालावे.