वाळवंटातल्या घरांसारखं थंड राहणारं घर कसं बांधावं

जैसलमेरच्या हवेल्यांचे फोटो पाहून लोक दर्शनी भिंतीला पिवळा दगड चिकटवतात, दोन झरोके काढतात आणि पश्चिमेला काचेची मोठी खिडकी ठेवतात. मे महिन्यात दुपारी त्या घरात बसून दाखवावं. वाळवंटातलं जुनं घर थंड राहतं ते मुख्यतः रात्रीच्या जोरावर. रात्रभर भिंतींतली उष्णता बाहेर काढायची आणि दिवसा नवी आत शिरू द्यायची नाही, एवढंच त्याचं गणित. जाळ्या, चौक, जाड भिंती, वारा ओढणारे मनोरे सगळे त्याच कामाला जुंपलेले असतात.

म्हणून आधी हवा तपासा. उन्हाळ्यात दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान तापमान यांत निदान 12 ते 15 अंशांचा फरक पडत असेल आणि हवा कोरडी असेल, तरच पुढे वाचा. समुद्रकाठच्या दमट हवेत हा खटाटोप फुकट जातो. तिथे हलक्या भिंती आणि सतत वाहता वारा लागतो.

आराखडा सोपा आहे. घराची लांबी पूर्व-पश्चिम धरा, दक्षिणेच्या खिडक्यांवर छज्जा द्या, पश्चिमेला जिना, कोठीची खोली नाहीतर न्हाणीघर ढकला. मधला चौक रुंदीपेक्षा उंच ठेवा. गच्चीला दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना.

भिंत मातीची, विटांची किंवा दगडाची. मातीची असेल तर 40 ते 45 सेंटिमीटर जाडी पुरते. तिच्यातून बाहेरची उष्णता आत पोचायला साधारण 10 ते 12 तास लागतात, म्हणजे दुपारचं ऊन आत जाणवेपर्यंत रात्र पडलेली असते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात नको, कोणी कितीही टिकाऊ म्हणून गळ्यात मारला तरी. आत ओल कोंडते, भिंत भुसभुशीत होते आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. चुना किंवा मातीच वापरा. उष्णतारोधक थर द्यायचाच असेल तर तो भिंतीच्या बाहेरून. आतून थर्माकोल, प्लायवुड किंवा भिंतभर कपाटं लावली की भिंतीचा आणि खोलीतल्या हवेचा संबंध तुटतो. मग ती जाडी नुसती जागा खाते.

आता रात्रीची हवा. माझी सगळ्यात जास्त डोकेफोड याच टप्प्यावर झाली आहे, आणि चुकीचे सल्लेही इथेच सर्वांत जास्त मिळतात.

इराणमधल्या यझ्दचे बादगीर, म्हणजे वारा पकडून घरात उतरवणारे मनोरे, प्रसिद्ध आहेत. तिथल्या दौलताबाद बागेतला बादगीर 33 मीटरांहून उंच आणि अष्टकोनी आहे. जवळच्या अर्दकानमध्ये मात्र ते बहुतेक एकाच बाजूला उघडे असतात, कारण तिथे चांगला वारा एका दिशेने येतो आणि बाकीच्या दिशांनी धूळ. सिंधमधल्या हैदराबादेतले जुने वारेपकडेही सगळे नैऋत्येकडे तोंड करून असत. तेव्हा चौफेर जाळ्यांचा मनोरा कुठल्यातरी चित्रातून उचलू नका. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या रात्री वारा कुठून येतो ते आधी पाहा.

मनोरा बांधायलाच हवा असंही नाही. हवेला खालून आत यायला आणि वरून बाहेर जायला वाट हवी. आत यायची वाट सगळे ठेवतात, बाहेर जायची कोणी ठेवत नाही. एका भिंतीला दोन खिडक्या उघडल्या म्हणजे हवा खेळते, हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. चौकाकडे किंवा सावलीच्या बाजूला खाली झडपा ठेवा आणि विरुद्ध टोकाला छताजवळ, नाहीतर जिन्याच्या माथ्यावर, मोठी तोंडं ठेवा. वरची तोंडं खालच्यांपेक्षा लहान नकोत. उंचीतलं अंतर जितकं जास्त, तितका ओढा चांगला. विटांचा धुरांड्यासारखा उभा मार्ग असेल तर वारा पडलेल्या रात्रीही तो काम करतो. दिवसभर तापलेल्या विटा आतली हवा गरम करून वर ढकलतात.

यात तीन ठिकाणी घात होतो. पहिला, झोपायच्या खोलीचं दार. ते बंद झालं की वाट तुटते, म्हणून प्रत्येक दारावर उघडझाप करता येईल अशी झडप ठेवा. दुसरा, डास आणि चोर. मजबूत गज आणि जाळी नसेल तर माणूस रात्री खिडकी लावूनच घेणार, आणि त्याचं काही चुकत नाही. डासांची जाळी वारा बराच अडवते, म्हणून तोंडं आधीच मोठी काढा. तिसरा सगळ्यात क्षुल्लक वाटतो आणि सगळ्यात महाग पडतो: वरची झडप हाताला लागत नाही. शिडी आणून रोज सकाळी कोणी झडप लावत नसतं. कप्पी आणि दोरी लावा, दोरीचं टोक उंबरठ्याजवळ खुंटीला गुंडाळता येईल असं ठेवा, आणि झडपेच्या कडेला रबराची पट्टी मारा. फटीतून दिवसभर गरम हवा येत राहिली तर रात्रीची कमाई दुपारपर्यंत संपते.

उघडायचं-लावायचं ते घड्याळ पाहून नाही. एक तापमापक घरात, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की सगळं उघडा. सकाळी तो वर चढू लागला की सगळं बंद, पडदेही ओढून घ्या. दिवसा खिडक्या उघड्या ठेवा म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा पाजा, पण खिडकी उघडू देऊ नका.

घर झाल्यावर रात्री दहाच्या सुमारास उदबत्ती पेटवून खालच्या झडपेजवळ धरा. धूर आत ओढला जाऊन दारावरच्या झडपेतून जिन्याकडे गेला पाहिजे. जागच्या जागी घुटमळला तर वाट कुठेतरी तुंबली आहे. बहुतेक वेळा वरचं तोंड लहान असतं.

पाणी सगळ्यात शेवटी. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, म्हणून खालच्या झडपेसमोर सावलीत ओली मडकी किंवा वाळ्याची ताटी पुरते. कारंजं नको. जिथे ही घरं शोभतात तिथे पाणी आधीच कमी असतं. ताटी दर काही दिवसांनी उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर बुरशीचा वास घरभर जातो.