एमजीबीचं पुढचं सस्पेन्शन खोलताना: सगळा जीव बुशमध्ये

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले (ढिलेपणा) गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती उभी पिन) झिजलंय. मराठवाड्यात धूळ ग्रीसमध्ये मिसळून पॉलिशपेपरसारखी घासते, त्यामुळे ग्रीसिंग चुकलेल्या गाडीत किंगपिन लवकर जातं.

नट-बोल्ट सगळे इंची. तेराचा पाना चार सुताच्या (अर्ध्या इंचाच्या) नटावर बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की कोपरे खातो. सुती पाने आधी जमवा, मगच हात घाला.

गाडी चेसिसखाली घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा. ब्रेकचा कॅलिपर तारेनं बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. या गाडीत शॉकअपचा हात हाच वरचा विशबोन (चाकाला धरणारा आडवा आर्म) असतो. म्हणून स्प्रिंग पॅनखाली जॅक लावल्याशिवाय वरच्या ट्रनियनचा (किंगपिन आणि आर्म यांच्यातल्या सांध्याचा) बोल्ट काढायचा नाही. स्प्रिंग उसळून बाहेर येईल आणि समोर कोण आहे ते बघणार नाही. बोल्ट निघाला की जॅक सावकाश उतरवा.

किंगपिनला खालच्या आर्मशी जोडणारा बोल्ट बहुतेक वेळा आतल्या नळीत गंजून जाम झालेला असतो. घण मारत बसलात तर आर्म वाकतील. किंगपिनच्या दोन्ही बाजूंना हॅक्सॉनं कापा, नवीन बोल्ट आणि नळी टाका.

आता मुख्य काम. किंगपिन ज्यात बसतं ते नवे बुश प्रेसवर बसवताना ग्रीसचं भोक जुळवा. नंतर दोन्ही बुश एकाच रेषेत रीमर करून (भोक मापात कापून) घ्या. वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत टर्नर मिळेल, पण नवीन किंगपिन सोबत न्या आणि लांब रीमरच हवा असं सांगा: एका बुशमधून आधार घेऊन दुसरा कापणारा. वेगवेगळे रीम केले तर पिन अडकते, स्टेअरिंग जड होतं, वळणानंतर परत येत नाही. तेल लावलेली पिन हातानं फिरावी, डुगडुगू नये. थ्रस्ट वायसर निवडून उभा प्ले 0.05 मिमीच्या आसपास आणा.

खालच्या आर्मला एमजीबीच्याच जीटी व्ही-8 मॉडेलचे रबरी बुश टाकलेले बरे, जास्त टिकतात. त्यांचे नट मात्र गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावरच आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं.

हबमध्ये दोन बेअरिंगांच्या मधला स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) असतात. नट आवळून थोडा मागे घेण्याची सवय इथे चालत नाही. शिम बदलून 0.05 ते 0.10 मिमी प्ले ठेवा. स्पेसर फेकून दिला तर स्टब अ‍ॅक्सल (हब ज्यावर बसतो तो दांडा) कमजोर होतो.

दर बाजूला तीन ग्रीस निपल आहेत. चाक अधांतरी ठेवूनच ग्रीस भरा, वजनाखाली ते सगळीकडे पोचत नाही. कंपनीचा हिशेब 3000 मैलांचा, म्हणजे साधारण 5000 किमीचा. इथल्या धुळीत त्याआधीच करा. ट्रायम्फ स्पिटफायर गाडीवाल्यांनी मात्र खालच्या ट्रनियनला ग्रीस नव्हे, ईपी-90 गिअर ऑइलच द्यावं.

शेवटी टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली ते) 1.5 ते 2.3 मिमी. कॅम्बर (चाकाचा उभा कल) अ‍ॅडजस्ट होत नाही; तो चुकीचा आला तर अलाइनमेंटवाल्याशी वाद न घालता वाकलेला आर्म शोधा.