घोडा उभ्या उभ्या घामाघूम होतोय? या चुका टाळा

हवा बेताची आहे, घोडा सकाळपासून तबेल्यातून हललेला नाही, तरी मान ओली आणि मांड्यांच्या आत फेस. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "उकडतंय त्याला." मग पाण्याचा पाइप येतो, अंग धुतलं जातं, आणि खरं कारण बाजूलाच राहतं.

घोड्याच्या घामग्रंथी मुख्यतः ॲड्रेनॅलिनच्या इशाऱ्यावर चालतात. अंग तापलं की घाम येतो हे खरंच, पण कळ आली किंवा धास्ती बसली तरी हेच ॲड्रेनॅलिन रक्तात उतरतं आणि घाम फुटतो. म्हणून काम नसताना आलेल्या घामाबद्दल पहिला प्रश्न उकाड्याचा नाही, दुखण्याचा हवा.

पाइप सोडण्याआधी नाडी मोजा. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवरून बोटं आत सरकवली की दोरीसारखी एक धमनी बोटाखाली निसटते. ती हलकेच हाडावर दाबून धरा, 15 सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. मोठ्या घोड्याची विश्रांतीतली नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते. श्वास कुशीकडे पाहून मोजायचा, तो 8 ते 16. गुदद्वारातून घेतलेलं तापमान साधारण 37.2 ते 38.3 अंश सेल्सिअस. हिरडीवर बोट दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परतायला हवा. घोडा शांत उभा असूनही नाडी 60 च्या वर टिकून असेल, तर वाट पाहू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा. आपल्या घोड्याचे हे आकडे तो धडधाकट असतानाच लिहून ठेवलेले बरे, कारण प्रत्येकाचं 'नेहमीचं' थोडं वेगळं असतं.

दुसरी चूक मला सगळ्यात घातक वाटते: घाम दिसला की घोड्याला सरसकट फिरवायला काढणं. पोटशूळ असेल, म्हणजे घोडा कुशीकडे वळून बघतोय, पाय मारतोय, लीद टाकत नाहीये, सारखा लोळायला बघतोय, तर डॉक्टर येईपर्यंत थोडं चालवणं ठीक. पण त्याच घामामागे लॅमिनायटिस असेल, तर एकेक पाऊल खुराच्या आतल्या सुजलेल्या थरांना आणखी इजा करतं. असा घोडा पुढचे पाय लांब टाकून भार मागे घेतो, खूर गरम लागतात आणि खुरावरच्या सांध्यामागे नाडी जोरात उडते. तिसरी शक्यता टाईंग-अपची, म्हणजे स्नायू आखडण्याची. ही बहुधा कामानंतर दिसते. पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक, पाऊल उचलवत नाही, लघवी गडद तपकिरी. इथेही घोडा आहे तिथेच उभा ठेवायचा. तेव्हा आधी खूर आणि पुठ्ठे हाताने चाचपा, मगच दोरीला हात घाला.

घरात पडून असलेलं वेदनाशामक डॉक्टर येण्याआधी देऊन टाकणं हीसुद्धा त्याच घाईतली चूक. घोडा तासाभरासाठी बरा दिसतो, नाडी उतरते, आणि शस्त्रक्रियेची गरज असलेलं पोट साध्या वातासारखं वाटतं. डॉक्टरांना फोनवर विचारा, ते सांगतील तेच द्या.

नाकातून चाऱ्याचे कण आणि लाळ येत असेल तर घास अन्ननलिकेत अडकलाय. चारा आणि पाणी दोन्ही काढून घ्या आणि डॉक्टरांना कळवा.

घाम कुठे आलाय हे न बघणं ही आणखी एक चूक. अंगभर घाम आणि एकाच बाजूचा घाम यांचे अर्थ वेगळे. चेहऱ्याच्या आणि मानेच्या एकाच बाजूला घाम, त्याच बाजूची पापणी लोंबलेली, असं दिसलं तर तिथल्या मज्जातंतूला इजा झाल्याची शंका घ्यावी. मानेतल्या शिरेत द्यायचं इंजेक्शन शिरेबाहेर गेल्यावरही असं होऊ शकतं, म्हणून नुकतीच सुई दिली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. गुंगीच्या काही औषधांनंतरही घाम येतो.

म्हातारा घोडा असेल तर "वयामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका. 15 वर्षांपुढच्या घोड्यांत पिट्युटरी ग्रंथीचा विकार, ज्याला कुशिंग म्हणतात, बऱ्यापैकी आढळतो. लांब, उशिरा गळणारे केस, पाठीवरचं मांस उतरणं, जास्त पाणी पिणं, वारंवार लॅमिनायटिस आणि विनाकारण घाम ही त्याची लक्षणं. रक्तातल्या एसीटीएच या संप्रेरकाची तपासणी होते आणि पर्गोलाइड या औषधाने बहुतेक घोडे चांगले सांभाळता येतात.

हे सगळं तपासून झाल्यावर साध्या कारणांकडे या. हिवाळी केस अजून अंगावर आणि हवा अचानक तापलेली, झूल गरजेपेक्षा जाड, तबेल्यात वारा खेळत नाही. झुलीखाली खांद्यामागे हात घाला. दमट लागलं तर झूल काढा. सोबतचा घोडा बाहेर नेला तर एकटा राहिलेलाही भिजतो. पण तो शांत झाल्यावर घाम थांबायला हवा आणि नाडीही तासाभरात खाली यायला हवी.

ओल्या अंगावर हवा न खेळणारी झूल चढवू नका. घाम निपटा, मग कोरडं करा. घोड्याच्या घामातून सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम भरपूर जातं, तेव्हा घास अडकल्याचा संशय नसेल तर स्वच्छ पाणी समोर ठेवा आणि चाटायला मीठ द्या. मिठाचं पाणी देणार असाल तर शेजारी साध्या पाण्याची वेगळी बादली हवीच, कारण खारट पाणी नाकारणारा घोडा तहानलेलाच उभा राहतो.