लस टोचण्याआधी सही घ्यायची का? नवीन सिस्टरांसाठी

नवीन लागलेल्या सिस्टर हमखास विचारतात की लस देण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावीच लागते का, आणि सीनियर सांगून मोकळ्या होतात, "सही घेऊन टाक गं, नंतर भानगड नको". मला हा सल्ला अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी सरळ उत्तर. नेहमीच्या सत्रात, म्हणजे उपकेंद्रात, अंगणवाडीत किंवा पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात), आई स्वतः बाळाला घेऊन आलीय तर पेंटा, पोलिओ, पीसीव्ही (न्यूमोकोकल), एमआर (गोवर-रुबेला) कशालाच वेगळा सहीचा फॉर्म भरून घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही. तिने ऐकून समजून हो म्हटलं की तोंडी संमती झाली. सुप्रीम कोर्टाने २००८ च्या समीरा कोहली निकालात संमती कशी असावी ते सांगितलंय, माणूस संमती द्यायला सक्षम पाहिजे, दबाव नको आणि पुरेशी माहिती दिलेली पाहिजे. यातलं काही नसेल तर खालच्या सहीला काय किंमत? गर्दीत कागद पुढे सरकवून अंगठा घेतला आणि बाईला कशाची लस तेच माहीत नाही, तर ती संमती नाहीच. खाजगी हॉस्पिटलात मात्र त्यांचा फॉर्म असतो, तिथे असाल तर तो भराच.

मग सांगायचं काय? सिरिंज हातात घ्यायच्या आधी, आईकडे बघून, साधारण असं: "ताई, आज दीड महिन्याची पेंटाची सुई आहे, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि मेंदूज्वर-न्यूमोनियाचा एक प्रकार यासाठी. रात्री ताप येईल, मांडी दुखेल, बाळ किरकिर करेल, तापाचं औषध किती द्यायचं ते सांगते. आधीच्या सुईला काही त्रास झाला होता का? आज बाळ बरं आहे ना? देऊ का मग?" आणि थांबायचं. हे "देऊ का" विचारून थांबणं सगळ्यात जास्त राहून जातं, आपण विचारतो आणि तिचं उत्तर यायच्या आत मांडी धरलेली असते. टोचून झाल्यावर पुढची तारीख, कार्ड जपून ठेवा, अर्धा तास इथेच बसा, हे तर रोजचंच.

लसीप्रमाणे बोलणं बदला. एमआरचा ताप आणि पुरळ बऱ्याचदा आठवड्याभराने येतं, त्याच रात्री नाही, हे सांगितलं नसेल तर आई पुढच्या वेळी येतच नाही कारण तिच्या मते लसीने पोर आजारी पडलं. बीसीजीची गाठ काही आठवड्यांनी फुगते, पिकल्यासारखी दिसते, त्यावर हळद नको मलम नको, हेही आधीच सांगा.

आता अवघड प्रसंग. आई-बाप ऊसतोडीला गेलेत आणि बाळाला आजी घेऊन आलीय. आजीला परत पाठवायचं नाही, पण "कुणीतरी आणलंय ना" म्हणून टोचायचंही नाही. आशाताईंना सांगून आईला फोन लावा, स्पीकरवर आजीसमोरच सगळं सांगा, आईने हो म्हटलं की रजिस्टरच्या शेऱ्यात लिहा: फोनवर आईची संमती, वेळ, सोबत कोण होतं. दोन ओळी पुरतात. पुढे काही उलटसुलट झालं तर बॅच नंबर, वेळ आणि हा शेरा तुमच्या कामाला येईल. भाषेचंही बघा, नंदुरबारला पावरी किंवा मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या आईला पुस्तकी मराठीत सांगून उपयोग नाही, गावातल्या ताईंना मध्ये घ्या.

लेखी संमती हवीच ती शाळेत, कारण तिथे पालक समोर नसतात. २०१८-१९ च्या गोवर-रुबेला मोहिमेत दिल्लीत हा प्रश्न हायकोर्टात गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की पालकांना न विचारता सरसकट मुलांना टोचता येणार नाही, त्यांना माहिती आणि फॉर्म पाठवा, फॉर्म परत आला नाही तर वर्गशिक्षकांनी संपर्क करा. त्याच्याही आधी, २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची) लसीच्या प्रकल्पात हॉस्टेलच्या मुलींच्या फॉर्मवर वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले, त्यांचा लसीशी संबंध नसावा असंच चौकशी समितीने म्हटलं, पण संमतीतला घोळ खरा होता, प्रकल्प थांबला, संसदीय समितीने ताशेरे ओढले आणि एका चांगल्या लसीवरचा लोकांचा विश्वास कितीतरी वर्षं मागे गेला. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून मुख्याध्यापक म्हणाले "मी करतो ना सगळ्यांच्या वतीने सही", तर नम्रपणे नाही म्हणा.

शाळेचा फॉर्म निदान आठवडाभर आधी पाठवा. त्यात लस कुठली, कशासाठी, तारीख, काय त्रास होऊ शकतो, आधी कधी जोराची रिअॅक्शन आली होती का, आणि "हो" नि "नाही" दोन्ही सारख्याच आकारात. ज्याचा फॉर्म नाही आणि पालकांचा फोनही लागत नाही त्याला त्या दिवशी लस नाही. दहा किंवा सोळा वर्षांच्या टीडीला (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीला) मुलामुलीलाही समजावून विचारा, फॉर्मवर हो आहे म्हणून रडणाऱ्या पोरीला दोघींनी धरून टोचू नका.

लेखी संमतीला अजिबात पर्याय नाही अशी दुसरी जागा म्हणजे ट्रायल, नव्या लसीची माणसांवरची चाचणी. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनला क्लिनिकल ट्रायल मोडमध्ये परवानगी होती तेव्हा सहीचा फॉर्म होता, कोविशील्डला नव्हता, तो फरक यामुळेच.

आणि कुणी नाही म्हटलं तर? रेशन बंद होईल, दाखला मिळणार नाही, असलं काही बोलायचं नाही. मे २०२२ मध्ये कोविड लसीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की कुणालाही जबरदस्तीने लस देता येत नाही. भीती कशाची आहे ते विचारा, बऱ्याचदा शेजारच्या पोराला आलेला ताप किंवा मोबाईलवरचा एखादा व्हिडिओ निघतो. नकार आणि कारण रजिस्टरला लिहा, एमओंना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना) कळवा, पण "काही झालं तर मी जबाबदार" असलं लिहून घेऊन आईला घाबरवू नका. तिचं नाव ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे लस बाकी असलेल्यांच्या यादीत, तसंच ठेवा आणि पुढच्या सत्राच्या आदल्या दिवशी आशाताईंना तिच्या घरी आवर्जून जायला सांगा.