बडोद्यात कॉलेजच्या म्युझिकलमध्ये रोल मिळालाय? तयारी गाण्याच्या दोन वाक्यं आधीपासून सुरू करा

रोल मिळाला की बहुतेक सगळे पहिलं काम काय करतात तर ग्रुपवर गाण्याचा ट्रॅक मागवतात आणि हेडफोन लावून पाठ करत सुटतात. प्लीज हे करू नका. ट्रॅकवर ज्याने कोणी गायलंय त्याच्या सगळ्या हरकती (सुरांची छोटी वळणं), श्वास घ्यायच्या जागा, सगळं तुमच्या गळ्यात बसतं आणि मग ते पात्र गातच नाही, तुम्ही कुणाचीतरी कॉपी गाता. आधी गाण्याचे शब्द वहीत साध्या गद्यासारखे लिहून काढा आणि घरी आईशी बोलतो तशा टोनमध्ये बोलून बघा, चाल अजिबात न लावता. पात्र हे कुणाला सांगतंय, काय हवंय त्याला, हे गाणं संपल्यावर त्याच्यात काय बदललंय, हे पेन्सिलने बाजूला लिहा.

ध्रुवपद परत परत येतं ना, तिथे खरं काम असतं. समजा ओळ आहे "दार उघडं ठेव, मी येते परत". पहिल्या वेळी मुलगी आईला धीर देतेय. अंतऱ्यानंतर तीच ओळ येते तेव्हा ती स्वतःलाच समजावतेय. शेवटच्या वेळी तिला कळलंय की ती परत येणार नाहीये, पण शब्द तेच आहेत. आता हे तीन वेळा नुसतं बोलून बघा, "येते" वरचा भार आपोआप बदलतो, तिसऱ्या वेळी "परत" च्या आधी एक छोटा थांबा येतो. तो थांबा चालीत मावतो का हे डायरेक्टर आणि पेटीवाल्याला विचारा, बहुतेक वेळा मावतो. तिन्ही वेळा एकसारखं गायलात तर आवाज कितीही गोड असू दे, प्रेक्षक दुसऱ्या वेळेपासूनच मोबाईल काढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोलण्यातून गाण्यात शिरायची जागा. मराठी नाटकाच्या सुरुवातीला, विष्णुदास भाव्यांच्या वेळी, नाटकात गाणं सूत्रधाराकडे असायचं, 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल नाटक आणलं तेव्हा ते पात्रांच्या तोंडी आलं, आणि तेव्हापासून ही जबाबदारी नटाची आहे की बोलता बोलता माणूस गायला का लागला ते पटवून द्यायचं. म्हणून प्रॅक्टिस कधीही गाण्याच्या पहिल्या ओळीपासून सुरू करू नका, दोन वाक्यं आधीपासून करा. नेहमी. घरी, बाथरूममध्ये, कमाटी बागेत चालताना, कुठेही. शेवटचं वाक्य बोलताना पेटीवाला हळूच सूर धरून ठेवतो, तो कानावर ठेवा आणि वाक्याचा शेवट त्या सुराच्या आसपास आणा, म्हणजे पहिला स्वर शोधायला लागत नाही. वाक्य संपवून, घसा साफ करून, पोझिशन घेऊन मग गायला लागलात तर ते नाटक राहत नाही, गाण्याची स्पर्धा होते. तसंच गाणं संपल्यावर टाळ्या आल्या तर पात्रातच थांबा, नमस्कार करायचा मोह आवरा.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला तुमचा सा धरायचा ते, पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या. मुलींना साधारण काळी चार किंवा पांढरी पाच (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे नंबर) सोयीची पडते, मुलांना काळी एकच्या आसपास, म्हणून ड्युएटमध्ये कुणाला तरी त्रास होणारच. लाजू नका, सरळ सांगा. ट्रॅक असेल तर मोबाईल ॲपवर अर्धा अर्धा स्वर वरखाली करून बघता येतं. साथीला कुणी मिळत नसेल तर सूरसागरजवळ परफॉर्मिंग आर्ट्सच्या फॅकल्टीत विचारा, 1886 मध्ये सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा ती हीच, तिथे पेटी-तबल्यावर बसणारी मुलं भेटतात आणि नाटकाला साथ करायला त्यांनाही आवडतं.

नाचत गायचं असेल तर आपण बडोदेकर नशीबवान, नऊ रात्री गरब्यात तीन ताळी करत गाणारी पोरं आपण, दम आहेच. फक्त वेळेवर श्वास घ्यायची सवय लावायची. आधी स्टेप्स वेगळ्या पक्क्या करा, मग नाचत नुसते शब्द बोला, मग गा. श्वास कुठे तुटतो तिथे स्क्रिप्टवर टिक करा आणि त्याच्या आधीच्या ओळीत श्वास घ्यायची जागा शोधा. गिरकी घेताना लांब स्वर असेल तर कोरिओग्राफरला गिरकी पुढे ढकलायला सांगा, ऐकतात.

घशाबद्दल. शो जानेवारीत असेल तर उत्तरायणला पतंग उडवताना गच्चीवर ओरडू नका, 14 आणि 15 दोन्ही दिवस, हे मनापासून सांगतेय. लपेट लपेट करून बसलेला आवाज चार दिवसांत परत येईलच असं नाही. आवाज बसलाच तर कुजबुजून बोलू नका, त्यानेही ताण येतो, सरळ गप्प बसा. मेंथॉलच्या गोळ्या चघळून गाऊ नका, घसा बधिर होतो आणि आपण किती जोर लावतोय ते कळत नाही. पाणी आदल्या दिवसापासून प्या, विंगेत उभं राहून अर्धी बाटली ढोसून काही होत नाही. रात्री रिहर्सलनंतर सेव-उसळ खाऊन लगेच झोपणं पण टाळा, ॲसिड वर येतं आणि सकाळी आवाज जड होतो. वॉर्मअपला सोपी गोष्ट म्हणजे ग्लासात थोडं पाणी घेऊन स्ट्रॉमधून बुडबुडे काढत सा पासून वर जायचं नि खाली यायचं, पाचेक मिनिटं. भारी काम करतं.

कॉस्च्युम शेवटच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. नऊवारीत बसता उठता, पायऱ्या चढता येतात का, कमरेला घट्ट बांधल्यावर पोटातून श्वास घेता येतो का, हे आधीच बघा. गालावरचा माईक असेल तर टेप नाचून, घाम येऊन टिकते का ते टेस्ट करा, आणि माईक लावून मिठी मारायचा सीन असेल तर दोघांचे माईक एकमेकांना घासणार हे साऊंडवाल्याला आधीच सांगून ठेवा.

आणि शोमध्ये ओळ विसरलात किंवा ट्रॅक पुढे निघून गेला, तर मागे धावू नका. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही. पुढची सम (तालाची पहिली मात्रा) किंवा ध्रुवपद येईपर्यंत चेहऱ्याने सीन चालू ठेवा, समोरच्याकडे बघत राहा आणि तिथून पकडा. हे रिहर्सलमध्ये मुद्दाम करून बघा, मित्राला सांगा मध्येच ट्रॅक दोन ओळी पुढे सरकव, आणि पकडता येईपर्यंत परत परत करा.