रुग्णमित्र व्हायचे असेल तर

रुग्णालयात निर्णय कसे होतात हे पाहायचे असेल, तर डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी पलंगाशेजारी उभे राहावे. डॉक्टर केसपेपर चाळतात, नातेवाइकांपैकी जो थोरला किंवा शिकलेला दिसेल त्याच्याशी दोन वाक्ये बोलतात, 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' असे उत्तर मिळते आणि सगळे पुढच्या पलंगाकडे वळतात. ज्याच्या शरीराविषयी हे बोलणे झाले तो माणूस जागा असतो, पण त्याला कोणी काही विचारलेले नसते. डॉक्टरांशी वाद घालणारा किंवा बिलात सूट मिळवून देणारा, अशी रुग्णमित्राची प्रतिमा लोकांच्या मनात बसली आहे. प्रत्यक्षात निर्णय होण्यापूर्वी रुग्णाचा प्रश्न आणि त्याची पसंती डॉक्टरांपर्यंत पोहोचेल हे पाहणे, एवढेच त्याचे मूळ काम आहे, आणि ते कोणालाही शिकता येते.

सुरुवात आपल्याच घरातील किंवा शेजारच्या रुग्णापासून करावी. तपासणीच्या आदल्या दिवशी रुग्णासोबत निवांत बसून त्याला काय होते आहे, कशाची भीती वाटते आणि बरे झाल्यावर त्याला नेमके काय करता यायला हवे आहे, हे विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर सहसा उकिडवे किंवा मांडी घालून बसणे टाळायला सांगतात. सोफ्यावर बसून टीव्ही पाहणाऱ्याला त्याचे फारसे काही वाटणार नाही, पण जिचा दिवस खुरपणीत जातो त्या बाईसाठी शस्त्रक्रिया करायची की नाही, कधी करायची, हे त्यावरच ठरू शकते. ही माहिती कोणत्याही एक्स-रेमध्ये दिसत नाही. त्यानंतर चार-पाच प्रश्न रुग्णाच्याच शब्दांत कागदावर लिहावेत: आजार कोणता, उपचारांचे पर्याय कोणते, प्रत्येकाचा फायदा आणि धोका काय, काही काळ थांबल्यास काय होईल, एकूण खर्च किती येईल. कागद रुग्णाच्या हातात द्यावा. प्रश्न त्याने विचारावेत, आपण फक्त राहून गेलेल्याची आठवण करून द्यावी. बाहेर आल्यावर 'डॉक्टर काय म्हणाले ते मला सांगा' असे म्हणावे. सांगताना जिथे गाडी अडेल, तेवढे पुन्हा आत जाऊन विचारावे.

संमतीपत्राकडे विशेष लक्ष द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी दिलेल्या एका निकालात पुढील प्रसंग होता. रुग्ण स्त्रीने दुर्बिणीतून निदान करण्यास संमती दिली होती, आणि ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. निदानासाठी दिलेली संमती उपचारांना लागू होत नाही, आणि तातडीने जीव वाचवण्याचा प्रश्न नसेल तर सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमती पुरत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हा प्रश्न आपल्यासाठी दूरचा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली होती. म्हणून संमतीपत्र शस्त्रक्रियेच्या दारात नव्हे, तर आदल्या दिवशी मागावे, मराठीतून समजावून घ्यावे, कोऱ्या जागा भरल्याशिवाय सही होऊ देऊ नये, आणि 'आवश्यक वाटल्यास अन्य शस्त्रक्रिया' असा मजकूर असेल तर त्यात काय काय येते हे शांतपणे विचारावे. अपघात किंवा जिवावरचे संकट असेल तेव्हा मात्र हे सर्व बाजूला ठेवून उपचार आधी होऊ द्यावेत.

सर्वांत अवघड प्रसंग बहुधा डॉक्टरांशी नसतो, तो घरच्यांशी असतो. 'आईला कॅन्सरचे सांगू नका, ती खचेल' असे मुलगा कळवळून सांगतो आणि त्याच्या मायेवर शंका घेण्याचे कारण नसते. अशा वेळी परस्पर सत्य सांगून टाकू नये, पण खोटे बोलण्यातही सामील होऊ नये. 'तुमच्या आजाराची किती माहिती तुम्हाला हवी आहे, आणि ती आणखी कोणाला सांगितलेली चालेल?' असे डॉक्टरांनी आईलाच विचारावे, अशी विनंती करावी. काही जण 'सगळे मुलाला सांगा' म्हणतात. तोही त्यांचाच निर्णय आहे.

कागदपत्रांची बाजू कोरडी आहे, पण ती पक्की हवी. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे 72 तासांत देणे आवश्यक आहे. त्यामुळे रुग्णाचे सहीचे अधिकारपत्र जवळ ठेवावे, अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये रुग्णांच्या 17 हक्कांची सनद तयार केली, आणि महाराष्ट्राच्या 2021 च्या शुश्रूषागृह नोंदणी सुधारणा नियमांनी रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक केले. वाद वाढण्याची चिन्हे दिसली की त्या फलकाकडे बोट दाखवावे. आवाज चढवण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

औषध बदला, अमुक डॉक्टरांकडे जा, असा सल्ला रुग्णमित्राने देऊ नये. दुसरे मत घेण्याचा हक्क आहे, एवढेच सांगावे. रुग्णालयाकडून किंवा प्रयोगशाळेकडून एक रुपयाही घेऊ नये. रुग्णाचे रिपोर्ट व्हॉट्सअॅपच्या गटात टाकू नयेत, मग हेतू मदत मागण्याचा का असेना.

दहा-बारा रुग्णांसोबत गेल्यावर त्याच त्याच अडचणी पुन्हा दिसू लागतात, आणि तेव्हा हे काम एका पलंगापुरते ठेवून चालत नाही. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. महाराष्ट्रात 2007 पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांतून आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख, म्हणजे सेवा कशा मिळतात यावर लोकांनीच लक्ष ठेवण्याची पद्धत, सुरू झाली, आणि तिच्या जनसुनवाईत गावकऱ्यांनी आपले अनुभव अधिकाऱ्यांसमोर मांडले. अशा ठिकाणी बोलायचे, तर 'येथे कोणी नीट बोलत नाही' ही तक्रार पुरत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या विभागात, काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, याची नोंद लागते. त्यासाठी पहिल्या भेटीपासून एक वही ठेवावी, आणि रुग्णाचा अनुभव सभेत मांडायचा असल्यास तो कोणी मांडायचा, नावासह की नावाशिवाय, हे त्याला आधी विचारावे.